सुलूकाकीच्या घरी तीन रात्री

ज्या वाक्याला सगळ्यात जास्त टाळ्या मिळाल्या तेच वाक्य खोटं होतं — असं तुमचं कधी झालंय का?

माझं झालंय. चार वर्षं होत आली. इतके दिवस हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. बाबांना नाही, अंधश्रद्धाविरोधी चळवळीतल्या मैत्रिणींना नाही, स्वतःच्या वहीतही नाही. गेल्या आठवड्यात तिघांना सांगितलं. आता तुम्हाला सांगते. लिहायला बसले — आणि भूक लागलीय. चार वर्षांत अशी भूक लागली नव्हती.

मी ओरोसची. सरकारी क्वार्टर्समध्ये वाढले. बाबा दिवसा कचेरीत कारकून आणि संध्याकाळी पत्रकं लिहिणारे. आमच्या पलंगाखाली ट्रंका नव्हत्या, पत्रकांचे गठ्ठे होते. मी अक्षरं गिरवली ती त्यांच्यावर — ‘विचारा’, ‘पुरावा मागा’, ‘भिऊ नका’. दहाव्या वर्षी बसस्टँडवर वाटायला उभी राहायची. कुणी न वाचता चुरगळलं की मागे धावायची — काका, निदान दोन ओळी तरी. मला वाटायचं, जगात दोनच जातींची माणसं असतात. खरं बोलणारी आणि घाबरणारी. मी पहिल्या जातीची होते, यात मला तिळमात्र शंका नव्हती.

तुम्हाला होती का कधी, स्वतःबद्दल?

तर — गावपळण. मालवण तालुक्यात काही गावांत ही रीत आहे. तीन-चार वर्षांनी गाव देवाला कौल लावतो. पाषाणावर चिकटवलेली पाकळी कुठल्या बाजूची पडते, त्यावर होय की नाही ते ठरतं. होय आलं की सगळा गाव तीन दिवस, तीन रात्री शिवेबाहेर. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री — सगळी. शिवेपलीकडे माडाच्या विणलेल्या झापांच्या राहुट्या घालतात, तिथे स्वयंपाक, तिथे फुगड्या, भजनं. दिवस बुडायच्या आत गाव रिकामा झाला पाहिजे. त्या तीन रात्री गाव देवाचा आणि त्याच्या भुतांचा, असं मानतात.

मी ठरवलं होतं, आपण राहायचं. एकटीने. आणि मग छापायचं.

असल्याच एका गावात सुलूकाकीचं घर आहे. दोन खोल्या पाहुण्यांसाठी काढलेल्या, बाहेर हाताने रंगवलेली पाटी — ‘घरगुती राहण्याची व जेवणाची सोय’. ‘सोय’मधला य जरा खाली घसरलेला. काका माडांचं बघायचे, काकी पाहुण्यांचं. पाहुण्यांना ती बाहेरच्या टेबलावर वाढायची नाही. चुलीजवळ पाट मांडायची, म्हणजे आंबोळी तव्यावरून थेट पानात. मी गावपळणीच्या आधी आठ दिवस तिथे राहिले. सांगितलं होतं, रीतिरिवाजांचा अभ्यास करतेय. अर्धं खरं. उरलेलं अर्धं मी आंबोळीबरोबर गिळत होते.

जायच्या दिवशी सकाळपासून गावात लगबग. काकीने कोंबड्या टोपलीत कोंबल्या, गाय सोडली, चूल विझवून राख सारवली. मी म्हटलं होतं, माझी रिक्षा उशिरा आहे, मी मागून निघेन. तिने क्षणभरही विचार केला नाही. चावी माझ्या हातावर ठेवली.

“पोटभर जेव आणि मगे जा. चावी वळचणीक ठेव. फकत दिवस बुडाच्या आधी शिवेभायर पड हां, बाये. तुझो विश्वास नसलो तरी माझ्या घराचो मान ठेव.”

मी होय म्हटलं. रिक्षा सांगितलेलीच नव्हती.

दुपारी गाव रिकामा झाला. मी मागच्या खोलीत बसले — बिस्किटांचे पुडे, पाण्याच्या बाटल्या, वही, घड्याळ. दर तासाला नोंद करायची. पहिल्या तासाची नोंद फार बाणेदार आहे. दुसऱ्या तासाचीही. मग मात्र — कसं सांगू? शांतता म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं. आपण जिला शांतता म्हणतो तीत कुठेतरी पंप चालू असतो, कुणीतरी धुणं आपटत असतं, कोंबडी ओरडत असते. तिथे काहीच नव्हतं. माझं गिळणं मला ऐकू येत होतं. अंगणात ऊन होतं, चांगलं लख्ख ऊन, चार वाजले होते. आणि गोठ्याच्या पत्र्यावर धाडकन काहीतरी आदळलं.

झावळ होतं. माडाचं सुकलेलं झावळ. मी खिडकीतून पाहिलं, झावळच आहे हे मला दिसलं, कळलं — आणि तरीही मी पिशवी उचलली आणि पळाले. दार ओढलं, चावी वळचणीला खोचली आणि शेतांच्या मेरेमेरेने, बांधाबांधाने पळत सुटले. एक चप्पल शेतात राहिली. शीव ओलांडून डांबरी रस्त्यावर आले तेव्हा सूर्य चांगला कासराभर वर होता. मासळीचा एक रिकामा टेम्पो मिळाला. मुख्य रस्त्यावरून पुढे बस धरली आणि अंधार पडायच्या आत नांदगावला मावशीच्या घरी पोचले.

तीन दिवस तिथे राहिले. मावशीला वाटलं, परीक्षेचं काहीतरी लिहितेय. मी नोंदी पूर्ण करत होते. रात्री अकरा — सर्व शांत. पहाटे तीन — वारा, बाकी काही नाही. अशा साठ-सत्तर नोंदी, दोन वेगवेगळ्या पेनांनी. एके ठिकाणी मुद्दाम अक्षर तिरकं काढलं, झोपेत लिहिल्यासारखं. हे काम मी किती मन लावून केलं, याची मला आजही शरम वाटते.

पत्रक निघालं — ‘ओसाड गावात तीन रात्री’. चौथी ओळ: ‘मी राहिले. काहीही झाले नाही.’ बाबांनी ती वाचली आणि चष्मा काढून पुसत बसले. कॉलेजांत, सभांत, बसस्टँडवर ते पत्रक गेलं. मला बोलायला बोलवायला लागले. चौथ्या ओळीशी आले की मी थांबायची आणि टाळ्या पडायच्या.

पण कबूल करायचं आहे ते हे नव्हेच. हे नुसतं खोटं. खोटं बोलून, घाबरून, माणूस जगू शकतो. कबूल करायचं ते पुढे आहे.

दोन महिन्यांनी पत्रक त्या गावात पोचलं. जत्रा तोंडावर होती. घराचं नाव मी छापलं नव्हतं, पण पाहुण्यांच्या खोल्या असलेलं घर गावात एकच. देवळात गाव बसला, सकाळी दहाच्या सुमाराला. मलाही निरोप आला. मी गेले — ताठ मानेने गेले. सोबत चळवळीतल्या दोन मैत्रिणी, मोबाइलवर चित्रण सुरू करून. चाळीसेक माणसं असतील. काकी खांबाला टेकून उभी, पदर घट्ट आवळलेला. काका खाली बघत होते.

तात्या म्हणून गावचे मानकरी, सत्तरीचे. मला वाटलं होतं, ते गरजतील, मग मी गरजेन. ते गरजले नाहीत. पत्रक त्यांनी नीट घडी करून मांडीवर ठेवलं होतं.

“चेडवा, छापताना वायच वाढवून छापलंस, असा तर नाय मा? मानूस चुकता. तसा आसात तर आत्ताच सांग. विषय हयच संपलो.”

मागून कुणीतरी बोललं, “भुतांनीच चेडवाक बघून पळ काढल्यानी असतलो.” हशा झाला. तात्याही हसले.

बघा, दार सताड उघडं होतं. दिवस बुडायच्या आधी मी शिवेबाहेर होते. म्हणजे त्यांचा नियम मोडलेलाच नव्हता. काकीच्या घराचा मान जसाच्या तसा होता. एक ‘होय, वाढवलं’ म्हटलं असतं की ती मोकळी. मी तोंड उघडायच्या आत तीच बोलली.

“तात्यानू, ता चेडू खोटा बोलूचा नाय. आठ दिस माझ्या घरात होता. दुधाचा भांडा लवांडून दूध सांडला तर परसात येवन माका सांगल्यान. मांजरावर आळ घालूक येय होता. रवलंय म्हणता तर रवला असतला. घर माझा, चावी मी दिलंय. काय ता माका सांगा.”

तात्या माझ्याकडे वळले. “रवलंस काय गो?”

मी काकीकडे पाहिलं नाही. मोबाइलकडे पाहिलं.

“होय,” मी म्हणाले. “राहिले.”

झालं. इतकंच. दोन शब्द. ती माझ्या खरेपणासाठी जामीन उभी राहिली, आणि मी तिच्या समोर, तिच्या देवळात, तिचा जामीन बुडवला. जत्रेत पालखीपुढे दिवटी धरायचा मान काकांच्या घराण्याचा. गावाने ठरवलं, पुढच्या गावपळणीपर्यंत तो दुसऱ्या घराकडे. कुणी शिवी दिली नाही, कुणी वाळीत टाकलं नाही. जत्रेला काका गेले आणि गर्दीत मागे उभे राहिले, हात पाठीशी बांधून — हे मला नंतर कळलं. कळूनही मी पुढच्या सभेला गेले. चौथ्या ओळीशी थांबले. टाळ्या घेतल्या.

का? बाबांसाठी, चळवळीसाठी, खोटं बाहेर पडलं तर विरोधकांना कोलीत मिळेल म्हणून — यातलं प्रत्येक कारण मी घासून पाहिलंय. एकही टिकत नाही. मला धीट दिसायचं होतं. बस.

गेल्या आठवड्यात ओरोसहून निघाले आणि थेट काकीकडे गेले. आधी बाबांना सांगितलं होतं. त्यांनी गाडीभाड्याला सुटे आहेत का एवढंच विचारलं. काकी परसात आडाळ्यावर, म्हणजे विळीवर, बांगडे कापत होती. चार वर्षांनी मला बघून ती उठली नाही, पण पाट पुढे सरकवला. मी बसले नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं. ती कापत राहिली. मग थांबली.

“म्हणजे चाळीस मानसांफुडे खोटा बोल्ललंय ता मी.”

“होय, माझ्यामुळे.”

“खंय गेललंस मगे?”

“नांदगावला. मावशीकडे.”

“कित्याक?”

“गोठ्यावर झावळ पडलं.”

तिने माझ्याकडे पाहिलं. आणि मग तिला असं हसू फुटलं की आडाळा बाजूला सारावा लागला. “अवो, आयकलात? झावळाक भियाला ह्या. गावभर पत्रकां वाटल्यान भिया नको म्हणान, आणि झावळाक भियाला.”

ओट्यावरून काका म्हणाले, “तो माड साफ करूचो रवलेलो गो.” जणू चूक त्यांचीच.

मीही हसले. आणि मला वाटलं, हसली म्हणजे सुटले. तसं नव्हतं. तिचं हसू गेलं आणि मागे जे उरलं ते मी चार वर्षांपूर्वी बघायला हवं होतं.

“माका तोंडान सांगलंस, बरा केलंस,” ती म्हणाली. “तात्यांकाय सांग. पण ता गावभर छापून वाटलंस मा? मगे ह्याय छापून वाट.”

जेवून जा, असं ती म्हणाली नाही. तांब्याभर पाणी दिलं. आठ दिवस जिने मला उपाशी पोटी अंगण ओलांडू दिलं नव्हतं, तिने फक्त पाणी दिलं. बरोबरच होतं ते.

तात्यांकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, गावापुढे ठेवीन, छापील कागद आण, ह्या जत्रेक दिवटी परत तुझ्या काकांच्या हातात येतली. मी उठले तेव्हा मागून म्हणाले, “पण मधली चार वर्षां खयसून हाडतलंस?” कुठून आणणार? नाहीत माझ्याकडे.

तर हे ते छापणं. भुतं असतात असं मी आजही मानत नाही, आणि या कागदाचा तसा अर्थ कुणी काढला तर मी त्याच्याशी भांडेन. पण पुरावा मागत फिरणाऱ्या मुलीने पुरावा बनवला, आणि जिने तिच्यावर विश्वास ठेवला तिलाच त्याची शिक्षा होऊ दिली. याला दुसरं नाव नाही. सभांना आता कुणी बोलवणार नाही, एखादी मैत्रीण फोन उचलणंही सोडेल. आणि मी — खरं सांगते — कालपासून पोटभर जेवतेय. चारचौघांत बसले की कोण काय विचारेल याची धाकधूक नाही. क्षमा मी मागितलेली नाही, काकीकडेही नाही. ती द्यायची की नाही हे तिचं.

फक्त एक काम आहे, ते तुमचं. जुनं पत्रक कणकवली, मालवण, वेंगुर्ला, शिरोड्यापर्यंत गेलं. सगळ्या प्रती मला गोळा करता येणार नाहीत. तुमच्या घरी, वाचनालयात, एखाद्या फायलीत ते सापडलं तर फाडू नका. पेन घ्या. चौथ्या ओळीवर काट मारा आणि बाजूला, तुमच्या अक्षरात, लिहा — ही दिवस बुडायच्या आधीच पळाली होती. सुलूकाकीच्या घराने नियम मोडला नाही. मग ते पत्रक शेजाऱ्याला वाचायला द्या.