झेंडा काढला त्याच गल्लीत

आमचा मल्हारी अंबडच्या माळावर मेंढरामागं वाढला, अन् मंग जालन्याच्या कंटेनर यार्डात डबे उचलायच्या मशीनवर लागला. कंटेनरला तिथं समदे डबाच म्हन्त्यात. डबे हितं भरायचे, रेल्वेनं बंदराला धाडायचे, तिथून जहाजात. जल्दी जाणारा डबा वर, मागून जाणारा खाली, हे समदं राजानंदसाहेब आफिसात बसून ठरवायचा. मल्हारी निस्ता उचलून ठेवायचा. धाकला भाऊ अंगद डब्यांच्या गल्लीत शिरून नंबर तपासायचा.

गल्लीत माणूस असला की तोंडाशी लाल झेंडा रोवायचा, मशीन बंद ठेवायची, असा रिवाज. राजानंद म्हनला, झेंड्यापायी काम खोळंबून राह्यलं, काढा. काढला. त्याच आठवड्यात अंगद आत असताना नव्या ड्रायव्हरनं त्याच्यावरच डबा टेकवला. पोरगं जागीच गेलं. राजानंदानं वर सांगितलं, पोरगं मोबाईलवर बोलत व्हतं, चूक त्याचीच. मोबाईल तर घरी चार्जिंगला लावलेला व्हता.

माय, साखराबाई, रडली न्हाई. मातीवरून आल्यावर मल्हारीला म्हनली, "त्या साहेबाला तिथंच उभं कर."

मल्हारी कामावर गेला. राजानंदाला रोज रामराम घालायचा. लोकं म्हनले, भावाला इसरला बघा. मेंढक्याला लांडग्याची वाट बघायची सवय असती.

मंग एक दिवस बियाण्याचा डबा बंदराला जायचा व्हता. मालगाडी लागलेली, जहाज थांबनार न्हवतं. मल्हारीनं तो डबा आधीच दुसऱ्या गल्लीत खाली दडपून ठेवलता. काम्प्युटर एक जागा दाखवी, तिथं भलताच डबा. राजानंद घामाघूम. हुडकत हुडकत सोताच अंगद गेला त्या गल्लीत शिरला. झेंडा न्हाई, काई न्हाई. गल्लीच्या मागं भिंत.

मल्हारीनं पुढच्या तोंडाला आडवा डबा टेकवला, मशीन बंद केली, चावी खिशात घातली अन् सावलीला बसला.

आतून आधी शिव्या आल्या. मंग पोलिसाची धमकी. ऊन चढलं तसं पानी मागू लागला. मल्हारीनं फटीतून बाटली दिली. मरू द्यायचा न्हवता ना. मजूर गोळा झालते. गाडी डबा सोडून निघून गेली.

"साहेब," मल्हारी म्हनला, "अंगदची चूक काय व्हती, जरा जोरात सांगा."

 फटीतून आवाज आला. "त्याची चूक नव्हती. झेंडा मीच काढायला लावला."

समद्यांच्या मोबाईलात भरलं. भिवा मुकादम म्हनला, झालं की आता, सोड बाबा.

"माय निघालीय अंबडहून," मल्हारी म्हनला. "एष्टीला टाइम लागतोय."

पुढं मल्हारीची नोकरी गेली, केस झाली, त्याचं त्याला काई न्हाई. माय आली, डब्याला टेकून बसली, चंची सोडली. राजानंदानं आतून तेच पुन्हा सांगितलं, रडत.

मायनं सुपारी कातरली.

"ऐकू न्हाई आलं," म्हनली. "पुन्हा सांग."