दारफाळणीचं अर्धं गाणं आणि बजाजनगरची मावशी

वेरूळ-अजिंठ्याची माहिती शोधत इथे आला असाल तर आधीच सांगते, या खेपेला मी दोन्ही पाहिलं नाही. बीबी का मकबरा रिक्षातून ओझरताही दिसला नाही. मी संभाजीनगरला गेले ती एका गाण्याच्या उरलेल्या अर्ध्या भागासाठी. तो मिळाला. पण परत आल्यापासून माझं डोकं जे फिरलंय, ते अजून ठिकाणावर आलेलं नाही.

नव्या वाचकांसाठी थोडं मागचं सांगते. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातून मुंबईकडे आलेले मराठी ज्यू. आमच्या प्रार्थनागृहात दर रविवारी मी लहान मुलांचा वर्ग घेते. सण गाण्यांतून शिकवायचे असं ठरलंय, आणि कुठली गाणी हा दरवर्षीचा वाद आहे. आमच्या मंडळाला परदेशातून तयार गाणी येतात. सगळी हिब्रूत, मागे ढोल, पडद्यावर नाचणारी सफरचंदं. मुलं ती घडाघडा म्हणतात आणि अर्थ विचारला की माझ्याकडे बघत बसतात. गाणं निवडताना माझी साधी कसोटी असते. त्यात काहीतरी खायचं हवं, हातांना काहीतरी करायला हवं आणि पोरानं घरी जाऊन ते आजीला म्हणून दाखवलं तर आजीला त्यातलं निम्मं तरी कळायला हवं. आमच्या सेक्रेटरींना ही कसोटी बाळबोध वाटते.

पण आमच्या आज्यांनी सणांना मराठी नावं दिली होती. रोश हशाना, आमचं नवं वर्ष, म्हणजे नव्याचा सण, मग खिरीचा सण, आणि योम किप्पूर, प्रायश्चित्ताचा दिवस, म्हणजे दारफाळणी. दारफाळणीला कडक उपास, पांढरे कपडे आणि दिवसभर दार बंद. दुसऱ्या दिवशी शिळा सण. त्या दिवशी दारं उघडायची आणि एकमेकांकडे जायचं. दारफाळणीचं एक गाणं मी आईकडून शिकले होते आणि वर्गात शिकवत होते:

दार लोटा, खिडकी लोटा,
पांढरं लुगडं, पाट मोठा,
आज कुणी यायचं नाही,
आज कुणी जायचं नाही.

यंदा एका मुलीनं विचारलं, "टीचर, मग दार उघडलं कधी?" मी घरी येऊन आईला विचारलं. आई म्हणाली, "एवढंच आहे." ती इतक्या पटकन म्हणाली की मला संशय आला. मी मावशीला फोन लावला.

मिल्कामावशी आईची धाकटी बहीण. नर्सची नोकरी लागली म्हणून ती तरुणपणी संभाजीनगरला गेली आणि वाळूजच्या कारखान्यात फिटर असलेल्या सिद्धार्थकाकांशी तिनं लग्न केलं. काका बौद्ध. आमच्या घरात सुतक पाळल्यासारखे दिवस गेले म्हणे. मावशीला मी आयुष्यात दोनदा भेटले होते, दोन्ही वेळा कुणाच्या तरी मयताला, आणि दोन्ही वेळा ती कब्रस्तानाच्या फाटकाबाहेर उभी होती. फोनवर मी गाणं म्हणून दाखवलं. तिनं ते शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "तुला अर्धंच शिकीवलं व्हय? ये इकडं. फोनवर नाय सांगायची मी."

आईला मी सांगितलं की सहलीला चालले. तिनं कुठे हेही विचारलं नाही.

बुधवारी सकाळी तपोवन पकडली. खिडकीची जागा हवी असेल तर आधीच आरक्षण करा. मनमाडनंतर शिर्डीचे लोक नगरसोलला उतरतात आणि डबा मोकळा होतो, तेव्हा पाय पसरून बसता येतं. भाद्रपदातलं हिरवं रान होतं, लासूरच्या आसपास कपाशी आणि मका, मधेच मेंढरांचा कळप रुळांपासून हटवणारा फेटेवाला. दौलताबादचा किल्ला डाव्या हाताला दिसला, तेवढंच माझं पर्यटन. स्टेशनवरची पाटी नव्या नावाची आहे, रिक्षावाले अजून जुनंच नाव घेतात. बजाजनगर शहरापासून बरंच लांब, वाळूज एमआयडीसीला लागून आहे. एकटं असाल तर शेअर रिक्षा किंवा सिटी बस बरी. सबंध रिक्षा केलीत तर भाव आधी ठरवा, मी ठरवला नाही आणि रस्ताभर चरफडत गेले.

मावशीचं घर म्हणजे एका रांगेत चिकटून बांधलेल्या घरांपैकी एक. दाराच्या चौकटीवर मेझुझा, म्हणजे आमची प्रार्थना ठेवलेली छोटी नळी, आणि आत शिरताच समोर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो. मी मेझुझाला हात लावून ओठांना लावला. काका बघत होते. ते म्हणाले, "नळी म्याच बसवली. तिरपी बसवायची असती म्हणं, दोनदा काढून लावाया लावली हिनं."

मी विचारलं, मावशी अजून दारफाळणी पाळते का.

"पाळती म्हंजे! दिवसभर दार बंद. मी बाहीर खुर्ची टाकून बसतो. दूधवाला आला, वीजबिलवाला आला, सगळ्यांला सांगतो, आज मिल्काताईचं दार बंद हाय, उद्या या. पंधरा घरं लांबपर्यंत ठाव हाय आता."

"आणि तुमचं जेवण?"

"शेजारी. त्यांच्याकडं त्या दिवशी माझं ताट ठरलेलं असतं."

मी हसले, आणि मग आमचं फाटक आठवलं. आमच्याकडे प्रार्थनागृहाच्या फाटकात बसून लोकांची यादी तपासणारी माणसं आहेत. इथे एक माणूस, ज्याला आमच्या सणाशी काही देणंघेणं नाही, तो दिवसभर बायकोच्या दाराशी उन्हात बसतो. आणि आम्ही याला परका म्हणतो.

मावशीनं गव्हाची खीर केली होती. आमच्या खिरीत नारळाचं दूध लागतं. ती म्हणाली, "नारळ इथं परवडतो का रोज? मी गव्हाचीच करती. देवाला चालती, तुमच्या मंडळाला नाय चालायची." खीर घट्ट होती, गुळाची, वर खसखस. मी दोन वाट्या खाल्ल्या. गाण्याचा विषय तिनं संध्याकाळपर्यंत काढला नाही. आईचे गुडघे, आईचं ऑपरेशन, आई अजून तिखट खाते का, एवढंच विचारत राहिली. मग दिवाबत्ती झाल्यावर पाट घेऊन बसली आणि मांडीवर ठेका धरून म्हणाली:

दार उघडा, खिडकी उघडा,
अंगणात घाला पाण्याचा सडा,
कोण आलं गं दारात?
दीना आली, घ्या घरात.
कोण आलं गं दारात?
मिल्का आली, घ्या घरात.

दीना म्हणजे माझी आई.

"शिळ्या सणाला दार उघडलं की आमची आई हे म्हणायची," मावशी म्हणाली. "लेकींची नावं घालून. ज्या घरात म्हणशील त्या घरातल्या लेकींची. माझं लगीन झालं त्या वर्षी आईनं माझं नाव टाळून म्हटलं म्हणं. पुढल्या साली म्हटलंच नाय. तवापासून तुमच्याकडं दार लोटायचं तेवढंच ऱ्हायलं."

मला राग आला आणि मी तो बोलून दाखवला. आजीवर, आईवर, सगळ्यांवर. मावशीनं मला थांबवलं.

"ताईवर नको चिडू. तिचं ठरलेलं लगीन मोडलं माझ्यापायी. पुढं चार वर्षं तिला कुणी बघाया आलं नाय. तिनं मला शिव्या दिल्या असत्या तरी मी ऐकल्या असत्या. पण नाव काढायचं? नावानं काय केलं होतं गं?"

काका उठून बाहेर गेले. मावशीनं डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले. मी विचारलं, हे मुलांना शिकवू का. ती म्हणाली, "शिकव की. त्यांच्या त्यांच्या घरची नावं घाला. माझं एकच काम कर. घरी गेल्यावर ताईला एकदा म्हणाया लाव. पुरं."

गुरुवारी आम्ही दोघी सिटी बसनं औरंगपुऱ्याला उतरून गुलमंडीत गेलो. कापडाची खरेदी करायची असेल तर सकाळीच जा, दुपारनंतर पाय ठेवायला जागा नसते. नान-खलियाबद्दल मला विचारू नका, मटण आमच्या पद्धतीनं कापलेलं नसेल तर मी खात नाही, म्हणून बाहेर मी शाकाहारीच. इमरती मात्र गरम असताना खा, गार झाल्यावर तिच्यात राम नाही. मावशीला ताईसाठी दारफाळणीचं पांढरं पातळ घ्यायचं होतं. दुकानदारानं पांढरं म्हटल्यावर विचारलं, "जयंती तो दूर है बाजी, अब्बी से?" तिकडे पांढऱ्या साड्यांचा मोठा खप भीमजयंतीला आणि बुद्धपौर्णिमेला.

"जयंतीची माझी हाय घरात," मावशी म्हणाली. "ही बहिणीला. आमचा दुसरा सण हाय."

"हौ, बैठो ना. बहन को देना है तो अच्छा सूत दिखाता मैं."

तिनं चार गठ्ठे उलगडायला लावले. प्रत्येक पातळ बोटांत चुरगळून बघत होती. ताईला खरखरीत सूत टोचतं, लहानपणापासून टोचतं, असं ती दुकानदाराला सांगत होती. चाळीसेक वर्षं जिच्याशी बोलणं नाही, तिच्या अंगाला काय टोचतं हे हिला पाठ आहे. शेवटी मऊ, बारीक काठाचं एक निवडलं. घासाघीस अजिबात केली नाही.

शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचे, म्हणजे आमच्या आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसाचे, दिवे लावायच्या आत घरी पोचायचं म्हणून सकाळची गाडी धरली. मावशी स्टेशनवर आली नाही. काका आले, पाण्याची बाटली आणि बाजरीच्या भाकरी देऊन म्हणाले, "ताईंना जय भीम सांगा. नाय, ऱ्हाऊ द्या. नमस्कार सांगा."

घरी आईला पातळ दिलं. तिनं उलगडलं, गालाला लावलं, म्हणाली, "चांगलं सूत आहे." मी कुठे गेले होते ते तिला तेव्हाच कळलं असणार. तिनं विचारलं नाही आणि पातळ कपाटात ठेवून ती शब्बाथचे दिवे लावायला गेली. मी काकांचा नमस्कार सांगितला. ती तेलाची वात सारखी करत राहिली.

रविवारी वर्गात मी गाणं शिकवलं. दोन मुलं दाराच्या फळ्या झाली, बाकीची एकेक करून बाहेरून आली. सगळ्यांनी आपापल्या घरची नावं घातली. आत्या, काकू, इस्राएलात अश्दोदला गेलेली मोठी बहीण, एकानं तर मांजरीचं नाव घातलं. इतका दंगा माझ्या वर्गात कधी झाला नव्हता. उदाहरण म्हणून मी पहिलं नाव मिल्काच घेतलं होतं. सेक्रेटरी दारात उभे होते. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, "गाणं छान आहे. पण सणाच्या कार्यक्रमात हिब्रूच ठेवू या. आणि ती मिल्का म्हणजे तीच ना? उगाच जुनं कशाला उकरायचं?" मी म्हटलं, कार्यक्रमात मुलं हेच म्हणतील, नाहीतर तुमची सफरचंदं तुम्हीच नाचवा. यावर बैठक होणार आहे. बैठकीचं काय होतं ते मला ठाऊक आहे.

त्याच संध्याकाळी मी स्वयंपाकघरात मुद्दाम मोठ्यानं गाणं गुणगुणत भाजी चिरत होते. आई टेबलापाशी तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"चाल चुकतेय तुझी," ती म्हणाली. "सड्याला आवाज खाली यायचा."

"मग म्हण ना तू."

मला वाटलं ती उठून जाईल. तिनं ताटावर बोटांनी ठेका धरला आणि म्हणायला लागली. पासष्टीच्या पुढे आवाज इतका स्वच्छ असतो हे मला माहीत नव्हतं. दार उघडा, खिडकी उघडा. सड्याला आवाज खाली आला. कोण आलं गं दारात? दीना आली, घ्या घरात. मग दुसऱ्यांदा, कोण आलं गं दारात? आणि ती थांबली. बोटं ताटावर चालूच होती. नाव जेवढा वेळ घेतं, बरोबर तेवढा ठेका रिकामा गेला, आणि मग ती म्हणाली, "घ्या घरात."

पुन्हा तांदूळ निवडायला लागली. मी म्हटलं, आई. ती म्हणाली, "भाजी करपतेय." भाजी अजून चढवलीही नव्हती.

इथे प्रवासाचा हिशेब मांडायचा असतो, काय मिळालं, पुन्हा जाल का वगैरे. पुन्हा जाईन. बजाजनगरला राहण्यासारखं हॉटेल शोधू नका, ओळखीचं घर असेल तर बघा. मुलांसाठी गाणं मिळालं. बाकी माझ्या तोंडाला जी कडू चव आली आहे ती गेलेली नाही, आणि ही पोस्ट लिहूनही ती जाणार नाही. आईला मी समजू शकते, माफ करता येत नाही. ती रिकामी जागा इतकी वर्षं अगदी मापात सांभाळून ठेवायची आणि त्यात एक शब्द टाकायचा नाही, याला काय म्हणावं?

आज दुपारी मावशीचा मेसेज आला. "ताईनं म्हटलं का?"

मी लिहिलं, "हो मावशी, म्हटलं."

लगेच दुसरा आला. "नावासकट?"

तो मी उघडून वाचला. वाचल्याच्या निळ्या खुणा तिला तिकडे दिसल्या असतील. संध्याकाळ झाली, अजून मी काही लिहिलेलं नाही, आणि तिनंही पुन्हा विचारलेलं नाही.