हंड्याखालची राख

चिमटीत राख घेऊन तो वेलाच्या पानावर अशी सोडायचा, जसं काही आमटीत मीठ घालतोय. आणि वर एकच वाक्य. "भुंग्यांना मारायचं कशाला, भावजी? त्यांचं जेवण बिघडवायचं. साकू." साकू म्हणजे पुरे. आम्ही मैसूरचे जुने मराठी, निम्मं बोलणं कन्नडच.

आमचा शेजारी. असा माणूस तुमच्याही गल्लीत असेल. हडकुळा, बनियनला भोकं, दुसऱ्याच्या परसात न विचारता शिरणारा. गल्लीत सगळ्यांकडे गिझर आले, तरी ह्याच्या न्हाणीघरात तांब्याचा हंडा लाकडावरच तापायचा. त्याचा मुलगा म्हणाला, छतावर सोलार बसवू. तर हा विचारतो, "त्यात राख किती पडते?"

माझ्या बायकोला तो अक्का म्हणायचा. तो तिला राख द्यायचा, ती त्याला वेलाचा पहिला दोडका द्यायची. मला बागेतलं काही कळत नव्हतं. मी खाणारा.

ती गेली. स्वयंपाकघरात खिळ्याला तिनं बियांसाठी वाळवलेला एक दोडका तेवढा लटकत राहिला. उन्हाळ्यात मी तो फोडून बिया लावल्या. दोन-दोन पानं वर आली आणि तांबडे भुंगे बसले. पानांची चाळण. परत लावल्या, परत तेच. चार बिया उरल्या. मुलगी बेंगळुरूहून फोनवर म्हणाली, "बाबा, बी बाजारात मिळतं की." मिळतं. ते तिच्या हातचं नसतं.

मी फवारायच्या विषाची बाटली आणली. तो कुंपणावरून बघत होता. आत आला, बाटली उचलली.

"ही मी नेतो."

"अरे, वेलासाठी आणलीय."

"आय्तु, झालं तर. वेलासाठीच नेतो."

बोलत होता वेलाबद्दल, बघत होता माझ्याकडे. मी नेऊ दिली.

त्या चार बिया उगवल्या तसा तो रोज उजाडताना हजर. ऊन चढायच्या आधी भुंगे सुस्त असतात. पानांवर पाण्याचा हलका शिपका, मग कपड्यातनं चाळलेली राख, पानाच्या वर आणि खाली. पाऊस येऊन गेला की परत पहिल्यापासून.

काम झालं की माझ्याकडे जेवायला बसायचा. "अय्यो भावजी, ह्या सारात पण राख घातली काय? मी भुंगा असतो तर उडालो असतो." तरी दुसऱ्यांदा वाढून घ्यायचा. तो बसायचा म्हणून मीही जेवायचो.

वेल कमरेपर्यंत आले, पानं राठ झाली. "आता भुंगा कंटाळतो. राख बंद. दोरी बांधा." पहिला दोडका मीच त्याला नेऊन दिला. त्यानं हातात फिरवून बघितला. "अक्काचाच," म्हणाला, आणि पाठ करून हंड्याखाली फुंकायला लागला. बराच वेळ फुंकत होता. धूर फार होता.

पाऊस सरला आणि एका सकाळी त्याच्या न्हाणीघरातनं धूर निघालाच नाही. झोपेतच गेला.

मुलानं त्याची राख कावेरीत सोडली. मी काठावर उभा होतो. एवढी सगळी नदीत? तो असता तर भांडला असता.

आता त्यांच्या छतावर सोलार आहे. चाळलेल्या राखेचा त्याचा बिस्किटांचा डबा माझ्याकडेच राहिला. मागच्या वेलावरचा एक दोडका मी वाळवून त्याच खिळ्याला टांगला होता. ह्या उन्हाळ्यात त्याच्या बिया लावल्या. पानं आली, भुंगे आले, डबा तळाला लागला.

काल परसात तीन विटा मांडल्या, लाकडं लावली आणि अंघोळीचं पाणी ठेवलं. तेवढ्यात मुलीचा फोन. मी खोकत होतो.

"बाबा, गिझर बिघडला का?"

"गिझर चांगलाय," मी म्हटलं. "भुंग्यांचं जेवण बिघडवायचंय."