महबूल्यातलं ईशान्य इंग्लंड

आमच्या कुवेतमधल्या, महबूल्याच्या फ्लॅटमधून काही महिने तीन नद्या वाहत होत्या. हसू नका. मी भूगोलाची बाई आहे, नद्यांच्या बाबतीत खोटं बोलत नाही.

त्याचं असं झालं. आमचे हे इथल्या एका पेट्रोकेमिकल कारखान्यात इंजिनिअर. त्यांचं कंत्राट संपत आलं होतं. इथे कंत्राट संपलं की इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, संपतो आणि इकामा संपला की कुवेत संपतं, हे आमच्या बिल्डिंगमधल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तेवढ्यात इंग्लंडच्या ईशान्य भागातून, टीस नावाच्या नदीच्या मुखावरच्या एका रसायनांच्या कारखान्यातून ह्यांना विचारणा झाली. पहिली मुलाखत झाली, दुसरीची वाट बघायची होती. पण त्यात एक मेख होती. आमची एकुलती एक लेक बारावीला. ती अठराची व्हायच्या आत सगळ्यांचे कागद गेले, तरच ती आमच्याबरोबर जाऊ शकणार होती. एकदा अठरा पूर्ण झाली की तिथल्या कायद्याने ती वेगळी, आम्ही वेगळे. मला दुसरं काही नको होतं. तिघांनी एका छपराखाली राहावं, मग छप्पर कुठलं का असेना.

वाट बघणाऱ्या माणसाने करायचं काय? मी मनात मांडे खायला बसले. आम्ही खानदेशातले, मांडे आमच्या हातचेच.

धुळीचे दिवस होते. दुपारी खिडकीबाहेर सगळं हळदीसारखं पिवळं व्हायचं. समोरच्या दोन इमारतींच्या मधून एरवी बोटभर समुद्र दिसतो, तोही गायब. आत एसीची घरघर. अशा दुपारी मी ईशान्य इंग्लंडचा नकाशा हॉलमधल्या फरशीवर पसरून पालथी पडायची. पश्चिमेला पेनाइनचे डोंगर, पूर्वेला समुद्र, उत्तरेला स्कॉटलंड. मधून टाइन, वेअर आणि टीस, तिन्ही डोंगरातून निघून समुद्राला जाणाऱ्या. नकाशावर गाल टेकला की फरशीचा गारवा लागायचा आणि मला वाटायचं, हा वेअरचाच गारवा. डोळा लागायचा. जाग यायची तेव्हा गालावर शाई असायची.

वर्गात आम्ही कुठलाही प्रदेश एकाच वळणाने शिकवतो. स्थान, सीमा, नद्या, हवामान, उद्योग, शासन. तोच क्रम मी घरी धरला, आणि ह्यांना शिकवता शिकवता तो प्रदेश आमच्या फ्लॅटमध्येच मांडला गेला. हॉल म्हणजे न्यूकॅसल, कारण पाहुणे तिथेच उतरतात. हॉलमधून जाणारा पॅसेज म्हणजे टाइन. देव्हाऱ्याचा कोपरा म्हणजे डरहॅम, तिथे म्हणे नदीच्या वळणावर उंचावर मोठं देऊळ आहे, त्यांच्या देवाचं. स्वयंपाकघर म्हणजे टीसचं मुख, कारण आग, वाफ आणि वास तिथेच. मी मिरच्या भाजायला घेतल्या की हे खोकत बाहेर यायचे आणि म्हणायचे, "टीसच्या कारखान्यात गळती झाली वाटतं!" गॅलरी म्हणजे किनारा. आमच्या मोठ्या बेडरूममध्ये डोंगर होते, म्हणजे धुतलेल्या कपड्यांचे, इस्त्रीची वाट बघणारे. "अहो, चष्मा कुठेय?" "डरहॅमला राहिला असेल." असं आमचं चालायचं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवरा-बायकोला नवा खेळ मिळणं म्हणजे गंमतच की.

लेक मात्र बधली नाही. तिच्या खोलीचं काय, असं मी विचारलं तर दारात उभी राहून म्हणाली, "माय रूम इज स्कॉटलंड." आणि दार लावून घेतलं. स्कॉटलंडला स्वतःची संसद आहे, हे मीच तिला शिकवलं होतं. गुरूची विद्या गुरूला! त्या दिवसापासून मी दारावर टकटक केली की आतून एकच शब्द यायचा, "व्हिसा?" मग मी म्हणायची, "दूध आणलंय," नाहीतर, "कपडे ठेवायचेत." कारण पटलं तर दार उघडायचं. एकदा मी नुसतंच म्हटलं, "तुला बघायचंय." मग, "नॉट अ व्हॅलिड रीझन, आई." हसतच होती ती, पण मला लागलं. माझ्याशी सगळं इंग्रजीतच बोलते, तेही लागायचं. बोलून दाखवलं नाही.

शेजारच्या भाभी रत्नागिरीकडच्या. त्यांच्या मिस्टरांचं खैतानला शिंप्याचं दुकान. एका संध्याकाळी सांदणं घेऊन आल्या आणि फरशीवरचा नकाशा बघून थबकल्या. "हा आमच्या आज्याचा मुलूख हाय," म्हणाल्या. त्यांचा आजा बोटीवर कोळसा ओढायला होता, तिकडच्या बंदरात उतरला होता. "आजा सांगायचा, तिथे समुद्राची वाळू पण काळी. हात लावला तर बोटं काळी." मी म्हटलं, भाभी, आता त्या खाणी बंद झाल्या, जहाजं बांधायची थांबली, पोलादाच्या भट्ट्याही विझल्या, आता मोटारी होतात, रसायनं होतात, समुद्रात पवनचक्क्या उभ्या राहतायत. भाभींनी ऐकून घेतलं. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "काम जातंय तशी माणसं पण जातात गं बाई. तिथे काय, न् हिथे काय." सांदणं छान झाली होती.

दुसरी मुलाखत ठरली, घरूनच, संगणकावर. सगळं पाठ होतं, फक्त 'शासन' अडलं होतं. ईशान्य इंग्लंडचा प्रमुख कोण, हे काही मला सापडेना. आता बघा, कुवेतमध्ये प्रत्येक प्रांताला एक मुहाफिज असतो. आपल्याकडे विभागाला आयुक्त असतो. एवढा मोठा प्रदेश आणि धनी नाही? मी ह्यांच्या डोक्याशी भुणभुण लावली. "अहो, विचारा ना शेवटी. आपल्या मुलखाची माहिती काढलीय म्हटल्यावर साहेबाला बरं वाटेल." ह्यांनी खरंच विचारलं. आपल्या ईशान्य प्रांताच्या माननीय प्रमुखांचं नाव कळेल का, असं! मी पडद्याआड उभी, हातात उलथनं. पलीकडचा गोरा साहेब खो खो हसला. म्हणाला, असा कुणी नाहीच. मागे एकदा लोकांना विचारलं होतं, तुम्हाला स्वतःची विधानसभा हवी का, तर बहुतेकांनी नको म्हणून सांगितलं. उत्तरेकडे एक महापौर आहे, टीसच्या बाजूला दुसरा. सगळ्या प्रदेशाचं मिळून असं काही नाही, मोजदादीपुरता तो एक. "पण आम्ही आहोत ईशान्येचेच," असंही म्हणाला, आणि ते म्हणताना हसत नव्हता.

हे माझ्यावर चिडले. दोन दिवस धुसफूस. "तुझ्यामुळे हसं झालं!" "मग विचारलंत कशाला? मी काय बंदूक रोखली होती?" बाजारात तुरी आणि आमची घरात मारामारी. मला मात्र त्या साहेबाचं बोलणं फार आवडलं होतं. खानदेश तरी कुठे आहे सरकारदरबारी? जिल्हा नाही, विभाग नाही. तरी धुळ्याचा माणूस भेटला की पहिल्या वाक्याला मला कळतं आणि वांग्याच्या भरताची आठवण होते. त्या रात्री जेवताना मी म्हटलं, आपल्या फ्लॅटलाही सरकार नको, बिनसरकारचा प्रांत ठेवू. लेक मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली, "यू आर द गव्हर्नमेंट, आई." हे मोठ्याने हसले. भांडण तिथे मिटलं.

मग नुसती वाट. धूळ बसली, उन्हाळा चढला. तिकडून मेल यायची, थोडे दिवस थांबा, वरून मंजुरी यायचीय. लेकीची परीक्षा झाली, निकाल लागला. तिच्या अठराव्या वाढदिवसाला मी मांडे केले. उलट्या खापरावर जमतात तसे तव्यावर जमले नाहीत, फाटले. केक कापला, भाभी आल्या, सगळे हसले. मी टीसच्या मुखाशी ओट्याला धरून रडून घेतलं.

नोकरी मिळाल्याचा फोन त्यानंतर आला. हे फोन ठेवून नुसते उभे राहिले. पगार चांगला, घर देणार, आमच्या दोघांचा व्हिसा होणार. दोघांचाच.

इथे त्यांना कमी पगारावर आणखी एक कंत्राट मिळत होतं. लेक इंजिनिअरिंगला पुण्याला जाणार हे आता ठरलंच होतं. ती नसताना इथे राहून तरी काय करायचं, असं ह्यांचं म्हणणं, आणि त्यात चूक काही नव्हतं. मी रात्रभर विचार केला नाही की काही नाही. तिथल्या तिथे म्हटलं, "नाही जायचं. सुट्टीत पोर येईल ती कुठे? परक्या घराच्या दारात पाहुणीसारखी? तिची खोली इथे आहे." ह्यांनी माझ्याकडे बघितलं आणि कमी पगाराचं कंत्राट घेतलं. त्यावर पुन्हा कधी एक शब्द बोलले नाहीत.

ती गेली. विमानतळावर मिठी मारली, पाठ वळवली, गेली. नकाशा मी गुंडाळून कपाटावर टाकला. तिची खोली मात्र झाडायलासुद्धा हात धजेना, दार लोटलेलंच ठेवलं.

परवा दुपारी तिचा फोन आला. तिची निळी ओढणी राहिली होती, तिथे हवी होती. "कॅन यू चेक? इट शुड बी इन माय कबर्ड." फोन कानाला धरून मी टाइनमधून निघाले आणि तिच्या दाराशी आले. सवयीने हात वर गेला. टकटक केली, आणि मग लक्षात आलं की आत कुणीच नाही.

तिला ती टकटक ऐकू गेली. मला वाटलं, आता हसेल माझ्यावर.

"आई," ती म्हणाली, मराठीत, अगदी हळू, "व्हिसा नको तुला. ये आत."