आईच्या टॅबमध्ये मी जे घातलं नाही

हे मी बाहेर कुणाला कधीच सांगितलेलं नाही. कामावर नाही, चाळीत नाही, जिच्याशी सगळं बोलते त्या मैत्रिणीलाही नाही. घरातल्या दोघींना आता माहीत आहे. आणि त्यांना सांगून झाल्यापासून छातीवरचं ओझं असं काही उतरलंय, की तुम्हालाही सांगावंसं वाटतंय. ऐकाल ना?

गोष्ट एका टॅबची आहे. हसू नका. टॅबबद्दल एवढं काय लपवायचं असतं, असं वाटेल — मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं. एवढंसं तर आहे, कोणाचं काय बिघडतंय?

आधी आईबद्दल सांगते. आई प्रसूतिगृहात नर्स होती. कामतघरला आमच्या घराच्या भिंतीला लागूनच कापड विणायच्या लूमचा कारखाना. त्या खडखडाटाने म्हणा, वयाने म्हणा, आईचे कान गेले. कानाला मशीन लावते, पण फोनवरचं बोलणं तिला नुसतं घरघरल्यासारखं वाटतं. समोरच्याचं तोंड दिसलं की मात्र ओठांवरून सगळं कळतं. तिच्यासमोर पुटपुटायचीही सोय नाही.

ताई माझ्याहून मोठी. आईसारखीच नर्स झाली आणि लग्नानंतर काही वर्षांनी नवऱ्यामुलांसकट आयर्लंडला गेली. मी लग्न केलं नाही. दापोड्याला एका गोदामाच्या ऑफिसात डिस्पॅचचं काम बघते आणि आईजवळ राहते. रविवारी ताई माझ्या फोनवर व्हिडिओ कॉल करायची. मी फोन आईच्या तोंडासमोर धरून बसायची.

मग ताईने एका ओळखीच्या बाईबरोबर टॅब पाठवला. चांगला मोठा, आईला स्पष्ट दिसावं म्हणून. सोबत मला मेसेज — आईला उपयोगी पडेल, तिची करमणूक होईल असं सगळं घाल, पण सर्वांत आधी व्हिडिओ कॉलचं घाल. म्हणजे मला तिच्याशी कधीही बोलता येईल.

कधीही. तो शब्द मला बोचला. का बोचला, ते पुढे सांगते.

टॅबवर मी मन लावून काम केलं, हे खोटं नाही. सगळी अक्षरं मोठी केली. गोळ्यांची आठवण करून देणारं ॲप शोधलं, तेही नुसतं वाजणारं नाही, पडदा उजळणारं. कारण वाजलेलं तिला काय कळणार? मराठी शब्दकोडी घातली. बुद्धवंदनेचं एक ॲप घातलं, ज्यात गाथा लिहिलेल्या दिसतात. रांगोळीचे ठिपके जोडायचा खेळ घातला, पण तो तिला पोरकट वाटला, म्हणून काढून टाकला. वर्तमानपत्र घातलं. ल्युडो घातला आणि तो मात्र असा काही चालला, की शेजारची शबनमभाभी दुपारचं काम आटोपून रोज यायला लागली. भाभी हरली की ओरडायची, "अम्मा चीटिंग करती है!" आणि आई ते ओठांवरून वाचून हसून लोटपोट. एखादं ॲप आवडलं नाही की आई तोंड वाकडं करायची, मी ते काढून दुसरं घालायची. खूप मजा आली आम्हाला. खरंच आली.

आणि व्हिडिओ कॉलचं ॲप मी घातलं नाही.

आईने विचारलं, "आन ताईचा फोन कुठं येनार यात?" मी तिच्याकडे बघून, नीट ओठ हलवून सांगितलं, की हा तिकडचा टॅब आहे, यात इकडचे कॉल लागत नाहीत. आईने मान हलवली. माझ्यावर विश्वास ठेवायची सवय तिला.

ताईने विचारलं तेव्हा मी वेगळंच सांगितलं. म्हणाले, आईला जमत नाही गं. गोंधळते, घाबरते, टॅबला हातच लावत नाही. माझ्याच फोनवर करत जा. जिने आयुष्यभर अडलेल्या बायका सोडवल्या, ती आई एका बटणाला घाबरते — असं मी माझ्या सख्ख्या बहिणीला सांगितलं. आणि आई तेव्हा शेजारी बसून शब्दकोडं सोडवत होती.

का केलं? कारण सांगते, पण त्याने काही माफ होत नाही. रविवारचा कॉल झाला की आई दिवसभर फुललेली असायची. ताईने विचारलं जेवलीस का, ताईने विचारलं गुडघा कसा आहे — अगं, ते मी रोज विचारते! मी घरात होते म्हणून मी दिसत नव्हते. ताई लांब होती म्हणून तिचं सगळं गोड. आता ती रोज दिसणार, कधीही दिसणार, मग मी कोण? निदान फोन तरी माझ्या हातात राहू दे. तिला आईपर्यंत यायचं तर माझ्यावरून यावं लागेल, यात मला सुख होतं. होय, सुखच.

एका रविवारी ताईने आईला थेट विचारलंही, टॅबवरून का नाही बोलत? आई म्हणाली, "न्हाय गं लागत त्यात." ताईला वाटलं, आईला लावता येत नाही. दोघी सरळ मनाने बोलल्या आणि दोघींना चुकीचं समजलं. मी मध्ये बसून होते. तेव्हा बोलायला हवं होतं ना? नाही बोलले. पुढेही बरीच वर्षं नाही.

गेल्या हिवाळ्यात ताई आली. बारीक झाली होती, केस आखूड कापलेले. तिने सांगितलं होतं की धावपळ फार असते. पण आई ती आईच, वर नर्स. ताई कपडे बदलून बाहेर आली, तिने डावा हात उचलताना जरा जपला, आणि आईने विचारलं, "कसलं आपरेशन झालं तुझं?"

ताई खाली बसली. मग सगळं बाहेर आलं. स्तनात गाठ निघाली होती. ऑपरेशन झालं, पुढचे उपचार झाले, आता रिपोर्ट चांगले आहेत, काळजी नाही. आई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "मला का न्हाय सांगितलंस?"

मी चहा घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. ताई रडत नव्हती. साधं सांगावं तसं म्हणाली, "कसं सांगणार, आई? फोन रेखाच्या हातात, ती बाजूला. मला तुला एकटीला सांगायचं होतं. कितीदा वाटलं, तुझं तोंड बघावं. तुला टॅब जमला असता तर..."

"जमला असता म्हंजी?" आई उठली, टॅब घेऊन आली आणि दाखवू लागली. हे कोडं, हा ल्युडो, हे गोळ्यांचं. बोटं सराईत चालत होती. ताईने आधी टॅबकडे बघितलं. मग माझ्याकडे.

तेव्हाही मला पळवाट होती. म्हणता आलं असतं, आता शिकली, आधी जमत नव्हतं. ते वाक्य जिभेवर आलंसुद्धा. पण ताईचा तो जपलेला हात दिसत होता. मी ट्रे खाली ठेवला आणि जमिनीकडे बघत सगळं सांगून टाकलं.

ताईने ऐकलं. आईला काहीच कळलं नव्हतं. ती म्हणाली, "रेखा, वर बघून बोल."

म्हणून मला ते पुन्हा सांगावं लागलं. मान वर करून, आईच्या डोळ्यांसमोर, एकेक शब्द सावकाश. टॅबमध्ये कॉल लागतो, आई. मी खोटं बोलले. ताईला सांगितलं, तुला जमत नाही. तेही खोटं. मला तुम्ही दोघी माझ्याशिवाय बोलायला नको होतात.

ताई उठून गॅलरीत गेली. आई माझ्या ओठांकडे बघत राहिली, मी अजून काही बोलेन म्हणून. मग टॅब माझ्यापुढे सरकवला. "टाक आता ते. माझ्यासमोर टाक."

टाकलं. चहा अजून गरम होता, तेवढ्यात झालंसुद्धा.

ताई आत आली तेव्हा म्हणाली, "मला राग आलाय. आणि तो लवकर जाणार नाही." मी म्हटलं, बरं. दुसरं काय म्हणणार? विचित्र वाटेल तुम्हाला, पण त्या दिवशी मी पोटभर जेवले. कितीतरी दिवसांनी घास कसा सरळ खाली उतरला. आता कुणाला काय सांगितलं होतं हे लक्षात ठेवायचं नव्हतं. रविवारी फोन वाजला की छातीत धस्स होणार नव्हतं.

ताई परत गेली. आता ती आईला वाटेल तेव्हा कॉल करते. मी दापोड्याहून येते तेव्हा कधी आतल्या खोलीचं दार लोटलेलं असतं आणि आईचं हसणं ऐकू येतं. कधी नुसतंच शांत असतं. काय बोलतात, मला माहीत नाही. मी विचारत नाही. मला ताईचे फोन कमी येतात. येतात तेव्हा ती कामापुरतंच बोलते.

माझी बहीण आजारी होती आणि तिला आई हवी होती. ती मी तिला मिळू दिली नाही. हे माझ्या हातून झालं, आणि मी ते जाणूनबुजून केलं.