बाईचा वरवंटा

दगडाला बोलतं करणारी बाई अख्ख्या नागपुरात एकच होती, आणि ती नेमकी माझ्याच नशिबी नणंद म्हणून यावी, याला काय म्हणायचं? आमच्या ह्यांची ती थोरली बहीण. हे तिला 'बाई' म्हणत, म्हणून मीही बाईच म्हणे, आणि पुढे पुढे इतवारीतली निम्मी वस्ती तिला बाई म्हणू लागली. कुणाच्या घरी नवी चूल मांडायची असो, लेकीला सासरी पाठवायचं असो की जुना पाटा दुभंगलेला असो, मसाला वाटायचा दगड घ्यायचा म्हटला की बाईला सोबत घेतल्याशिवाय कुणी बाजारात पाय टाकत नसे. सोनं घ्यायला बायका एकेकट्या जात. पाटा घ्यायला मात्र बाई पुढे आणि सात-आठ जणी तिच्या मागे. मला ते बघवत नसे. आता लपवून काय करायचं, मी तिच्यावर जळत होते, आणि चांगली पंधरा-वीस वर्षं जळत होते.

बाजाराच्या दिवशी कळमेश्वरकडून काळ्या दगडाच्या गाड्या येत. पाथरवट आपले पाटे लिंबाला टेकवून ओळीनं उभे करी. बाई आधी त्या ओळीवरून नुसती चालत जाई, जणू काही घ्यायचंच नाही अशी. मग परत येऊन एकेक पाटा आडवा करवून त्यावर ओंजळभर पाणी टाकी आणि समोर फतकल मारून बसे. पाणी चटकन जिरलं की तो दगड बाद. "हा तहानेला हाये," ती म्हणे, "तुह्या मसाल्याचा सारा जीव हाच पिऊन टाकते." जो उरे त्याला बोटाच्या पेरांनी टकटक करून कान लावी. त्यात ती काय ऐके देव जाणे. मी चोरून कितीदा तसंच करून बघितलं, मला आपला दगडाचाच आवाज यायचा. पाथरवट वैतागून म्हणायचा, "बाई, पाटा घेऊन राहिली का पोरीसाठी स्थळ पाहून राहिली?" त्यावर बाई अगदी गंभीरपणे सांगायची, "स्थळ चुकलं तर पोरगी माहेरी तरी येते गा. पाटा चुकला तर रोज दोन वेळा जेवा लागते."

आणि शेवटची परीक्षा दगडाची नसे, घेणारीची असे. पाटा जमिनीवर ठेवून बाई त्या घेणारीला तिथेच, भर बाजारात, वाटायला बसवी. पाट्यावर काही नाही, हातात वरवंटा, आणि म्हणे, "हं, वाट." कुणाचे हात आखूड, कुणाची पाठ दुखरी, कुणाचा जोर डाव्या अंगाला, हे सगळं बघून पाट्याची लांबी ठरे. एकदा पारशिवनीकडच्या एका मालगुजाराच्या घरून बाईला न्यायला खास दमणी, बैलांची छोटी गाडी, आली. मालगुजारीण चांगली अंगापिंडानं भरलेली, नाकात नथ, सोबत दोन कामवाल्या. बाईनं तिलाही खाली बसवलं. ती म्हणाली, वाटण माझ्या बायका करतात. "मग जेवतेही त्याच का?" बाईनं विचारलं. ती थोर घरची बाई नऊवारी आवरून बाजाराच्या धुळीत बसली आणि पाऊण घटका हवा वाटत राहिली. एकतीस पाटे नापास झाले, बत्तिसावा घेतला. जाताना ती बाईच्या पाया पडली. आणि मी तिथे पिशवी धरून उभी! माझ्या पाया कुणी पडलं नाही, पडण्यासारखं मी केलंही काही नव्हतं. पण म्हणून राग यायचा थोडाच राहतो?

पण मालगुजारीण राहू द्या. माझं खरं दुखणं घरातच होतं. आमचे हे दिवसभर हातमागावर बसत, बोलायला मुळात चार शब्द, आणि त्यातले तीन बाईच्या रश्श्यावर खर्च होत. मी जवस-खसखस भाजून, खोबरं-मिरची-दगडफूल घालून, हात लाल होईतो वाटून मटणाचा रस्सा करावा, ह्यांनी निमूटपणे जेवावं आणि पाणी पिऊन म्हणावं, "चांगला झाला. बाईसारखी गोष्ट नाही, पण चांगला झाला वं." तो 'पण' माझ्या उरात रुतून बसे. एवढ्याशा शाबासकीसाठी मी काय काय केलं. बाईएवढी मिरची घातली, बाईएवढा वेळ वाटलं, बाई वाटताना वरवंट्याशी पुटपुटायची म्हणून तेही केलं. हे मागावरून ओरडले, "कोण आलं हाये वं?"

आम्ही वेगळी चूल मांडली तेव्हा माझा पाटाही बाईनंच निवडला. माझ्या मनात तिच्या पाट्यासारखा पाटा होता. तिचा पाटा म्हणजे दोन माणसांनी उचलावा असा, लांबरुंद, एखाद्या पंगतीचा मसाला एका दमात निघावा असा. आणि तिनं माझ्यासाठी काय घेतलं? हातभर दगड, त्याला टीचभर वरवंटा. "दोन माणसांच्या सैपाकाले एवढाच पायजे," ती म्हणाली. "मोठ्या पाट्यावर मूठभर मसाला घेतला का अर्धा दगडालेच चिकटून राहते, बारीक होतच नाही. पाटा खाणारी तोंडं मोजून घ्या लागते." मला वाटलं, हो का? तुम्ही नवरा-बायको दोघंच, मूल ना बाळ, तरी तुम्हाला तो राजाचा पाटा, आणि मला हा खेळातला! त्या दिवशी मनात पक्कं बसलं की बाईची सगळी करामत तिच्या दगडात आहे आणि तो आपल्याला मिळू नये म्हणून तिनं ही युक्ती केली आहे.

मग माझी लेक झाली आणि बारसं आलं. आमच्यात बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटा निजवतात, दगडासारखं मूल टणक व्हावं म्हणून. त्याला तेल लावतात, कुंची-झबलं घालतात, बाळासारखा पाळण्याखालून या हातातून त्या हातात देतात. वरवंटा आत्यानं आणायचा. बाईनं आपला आणला, स्वतः शिवलेली कुंची घालून. सगळ्यांनी त्याला खेळवलं, मग माझी लेक पाळण्यात गेली आणि वरवंटा कोपऱ्यात राहिला. बायका घुगऱ्या खाण्यात दंग होत्या. मी आत गेले, बाईच्या वरवंट्याची कुंची काढून माझ्या टीचभर वरवंट्याला घातली, लांबी भरून यावी म्हणून पायाकडे फडक्याचा बोळा खुपसला, आणि बाळंतिणीच्या अंगात नसतं एवढं बळ आणून तिचा वरवंटा पिठाच्या डब्यामागे दडवला. निघताना बाईनं ते गुंडाळं उचललं. हातात एकदा तोलून बघितलं. मग खांद्यावर घेऊन त्याची पाठ थोपटली आणि गेली. मी मनात म्हटलं, जिंकले.

कसली जिंकले? पाटा हातभर आणि वरवंटा दोन्ही बाजूंनी बाहेर. प्रत्येक रेट्याला बोटं जमिनीवर घासत. मसाला मधेच जाड राही. हे जेवताना थांबले. "काहून वं, आज जवस दाताखाली येऊन राहिला?" आणि त्याच आठवड्यात बाईकडे जेवून आले ते बोटं चाटतच. माझ्या टीचभर वरवंट्यानं वाटलेल्या मसाल्याचा रस्सा, आणि म्हणे असा पूर्वी कधी झाला नव्हता! मी रात्रभर रडले नाही एवढंच. वरवंटा परत द्यावा तर चोरी कबूल करावी लागणार. शेजारणीचा जुना वरवंटा मागून आणला आणि रोजचं वाटण त्यानं भागवू लागले. बाई दर दोन दिवसांनी यायची, भाचीला मांडीवर घेऊन स्वयंपाकघरातच बसायची, आणि पिठाच्या डब्याकडे पाठ करून बसायची. एका शब्दानं तिनं कधी विचारलं नाही. मला त्याचाही राग यायचा.

लेक चौदा वर्षांची झाली तोवर बाईच्या यजमानांना जाऊन तीन वर्षं झाली होती आणि बाईची बोटं सांध्यांनी वाकडी झाली होती. एका सकाळी तिनं निरोप पाठवला की भावाला रस्सा खाऊ घालावासा वाटतो, पण हात चालत नाही, तू येऊन वाटून दे. मी गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या मोठ्या पाट्यापुढे बसले. पाण्यानं धुतला तेव्हा दिसलं. एवढा लांबरुंद दगड, पण झिजला होता तो एका कोपऱ्यात, हातभर जागेत. बाकीचा सगळा पाटा पाथरवटानं दिला तसाच खरखरीत होता. तिथे कधी वरवंटा फिरलाच नव्हता.

मी वर बघितलं. बाई बाजेवर बसून माझ्याकडेच पाहत होती. "लग्नात घेतला," ती म्हणाली. "आठ-दहा तोंडं तरी होतीन असं धरून चालली होती मी. तेव्हा अक्कल नव्हती. म्हणून तुले लहान घेतला. लहान पाटा घर भरल्यावर बदलता येते, मोठा मोकळा राहिला तर रोज दिसते."

माझ्या हातात माझाच टीचभर वरवंटा होता. मी तो खाली ठेवला आणि म्हटलं, "बाई, बारशाच्या दिवशी मी..."

"मले तेव्हाच समजलं. पायाकडे बोळा होता ना." ती हसली. "म्हटलं राहू दे. तुह्या पाळण्यात निजला तो वरवंटा, म्हंजे लेकरू तुहंच झालं. ते परत आत्याच्या घरी कुठं आणा लागते?"

मी वाटायला सुरुवात केली. तिनं बाजेवरून सांगितलं, जोर खांद्यातून नको, कमरेतून येऊ दे, पाणी थेंबानं घाल, घाई करू नको, आवाज मऊ झाला की थांब. आणि आवाज मऊ झाला. मला ऐकू आला.

त्यानंतर बाई दोन उन्हाळे होती. आता तिचा पाटा माझ्याकडे आहे, त्याच्या कोपऱ्यात मी वाटते, आणि दोन्ही वरवंटे भिंतीशी उभे असतात. परवा मटण केलं. ह्यांनी पहिला घास घेतला, मान खाली घातली, आणि म्हणाले, "बाईसारखा झाला वं." हे तीन शब्द ऐकण्यासाठी मी एकदा चोरी केली होती. मी म्हटलं, नाही हो, बाईसारखी गोष्ट नाही. आणि ह्यांच्या ताटात आणखी रस्सा वाढला.