जन्मस्थानाचा रकाना

वायोला टॅडलॉकने अमेरिकेतल्या एका काउंटीच्या तुरुंगात नोंदणीच्या टेबलावर एकवीस वर्षं काढली. आणलेल्या माणसाचं नाव, उंची, अंगावरचे व्रण, खिशातल्या वस्तू ती लिहून घ्यायची. दारुड्यांना दटावायची, रडणाऱ्यांना पाणी द्यायची. फॉर्मवर 'जन्म कुठे झाला' असाही रकाना होता. तो भरला काय, न भरला काय, कुणी विचारत नसे.

मग कोंबड्यांच्या कारखान्यात ग्वातेमालाची माणसं वाढली, निवडणूक त्याच विषयावर लढली गेली आणि नव्या शेरीफने बिनकागदाची परदेशी माणसं शोधून द्यायचा केंद्र सरकारशी करार केला. त्या दिवसापासून रकान्यात परदेश आला की कागद ड्वाइटकडे जायचा. ड्वाइट याच कामाचं महिनाभराचं प्रशिक्षण घेऊन आलेला शिपाई.

"आपलं काम विचारायचं," वायोला नवऱ्याला म्हणायची. "पुढचं ज्याचं तो बघेल."

मार्चमधल्या एका दुपारी नेमेसियाला आणलं. गाडीचा मागचा दिवा बंद, लायसन नाही. वायोलाच्या अंथरुणाला खिळलेल्या आईचं चार वर्षं सगळं करणारी ती बाई. टेबलापाशी वायोलाला बघून तिचा जीव भांड्यात पडला.

"मिस वायोला! बरं झालं बाई, तुम्हीच आहात."

"घाबरू नकोस गं. संध्याकाळी घरी जाशील."

बोटांचे ठसे पाठवले, कुठेच काही निघालं नाही. उरला रकाना. 'उत्तर दिलंच पाहिजे असं नाही,' एवढं एकच वाक्य बोलायचं होतं. पण ड्वाइट पाठीशी सँडविच खात उभा होता.

"जन्म कुठला, नेमेसिया?"

ती चमकली. "तुम्हाला माहीत नाही होय? रोज तुमच्या आईला माझ्या गावच्या गोष्टी सांगते की मी."

"विचारावं लागतं."

"ग्वातेमाला," ती हळूच म्हणाली.

चर्चची माणसं जामीन भरायला आली, तेव्हा ड्वाइटने केंद्राचं पत्र पुढे केलं: आमची माणसं येईपर्यंत सोडू नका. दुसऱ्या दिवशी गाडी येऊन नेमेसियाला घेऊन गेली. डोकं दुखतंय म्हणून वायोलाने रजा टाकली होती.

"नेमेसिया का येत नाही?" आई विचारायची.

"गावी गेली."

"न सांगता? तशी नाही ती. तू काही टाकून बोललीस का तिला?"

"नाही गं आई."

आई त्याच वर्षी थंडीत गेली. पुढे शेरीफ हरला, करार मोडला. आता वायोला प्रत्येकाला सांगू लागली, जन्म कुठला याचं उत्तर दिलं नाही तरी चालेल.

"मिस वायोला, आपण एका वर्गात होतो की!" गावचा एक दारुडा खो खो हसला. तिने त्यालाही ते वाक्य ऐकवलंच.

निवृत्तीनंतर तिने नेमेसियाच्या थोरल्या मुलीकडून नंबर मिळवला. आईला ग्वातेमालाला धाडल्यावर मुली बापाजवळ इथेच राहिल्या होत्या. फोनवर नेमेसियाने आधी आईची चौकशी केली. गेल्याचं ऐकून तिने विचारलं,

"शेवटी केस कोण विंचरत होतं त्यांचे?"

"मीच. नेमेसिया, त्या दिवशी मी..."

"ते नका काढू, मिस वायोला. माझी धाकटी माझी भाषा विसरली. फोनवर आम्ही दोघी नुसत्याच बसतो."

पलीकडून फोन ठेवला गेला. वायोलाने पुन्हा कधी तो नंबर फिरवला नाही.